१४ महिन्यांच्या बाळाला पुस्तक वाचून दाखवून खरंच फरक पडतो का?

अनुची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी १४ महिन्यांची आहे. लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले रोज थोडं वाचून दाखवत जा, म्हणून जाड पुठ्ठ्याची दोन-तीन पुस्तकं आणली, पण ती एक पान धड वाचू देत नाही, पुस्तक चावते नाहीतर उठून चालू पडते. सासूबाई म्हणतात आधी बोलायला तरी लागू दे, आत्ताच तिला काय कळणारे. मैत्रिणीच्या अडीच वर्षांच्या मुलीला मात्र ए टू झेड पाठ आहे, ते बघून टेन्शन येतं. आणि पुढे इंग्लिश मीडियमच ठरलंय, तर पुस्तकं मराठी आणू की इंग्रजी? घरी सगळे मराठीच बोलतो.

बालवाडीताई:
ताई, चावू दे हो, या वयात वस्तू तोंडात घालूनच ओळखतात पोरं. सगळं पान वाचायचा हट्ट सोडा. ती ज्या चित्रावर बोट ठेवेल त्याच्यावरच बोला, "अगं बाई, भूभू! कुठे चाललाय भूभू? पावसात भिजला बघ". मग थांबा, ती काहीतरी आवाज काढेल, त्याला उत्तर द्या. आमच्या वर्गात नवीन मुलं येतात तेव्हा घरी कुणी वाचून दाखवलेलं मूल लगेच कळतं, पुस्तक सुलट धरतं, पान उलटायची वाट बघतं, आणि ओळखीच्या गोष्टीत मी मुद्दाम शेवटच्या शब्दाआधी थांबले की तो शब्द स्वतः म्हणून मोकळं होतं. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर वैतागू नका, तेच शब्द परत परत कानावर पडूनच पक्के होतात.

ए टू झेड पाठ असणं म्हणजे वाचन नव्हे, ते नुसतं घोकलेलं असतं. अक्षरांची आत्ता अजिबात घाई नको.

सचिन_न्यूजर्सी:
भाषेचं सांगतो. तुम्ही ज्या भाषेत हसता, रागावता, लाड करता त्याच भाषेत वाचा, म्हणजे मराठीच. गोष्ट ऐकायची सवय, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, हे एका भाषेत जमलं की दुसरीतही कामाला येतं, इंग्रजी शाळेत शिकेलच की. आमच्याकडे उलटी गत आहे, दिवसभर सगळं इंग्रजी, मराठी फक्त घरात आणि रविवारच्या मराठी शाळेत, त्यामुळे रात्रीचं मराठी पुस्तक आम्ही चुकवत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, प्रिंट काढता येते. पुण्यात असाल तर ज्योत्स्ना प्रकाशनची चित्रपुस्तकं नक्की बघा.

डॉ_मुलांचा:
तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की अगदी तान्ह्या वयापासून मोठ्याने वाचून दाखवा. कारण साधं आहे. घरातलं रोजचं बोलणं "जेव, झोप, खाली उतर, हात धू" एवढ्यातच फिरतं, पुस्तकात घनदाट, कुजबुजणं, डोकावणं असे शब्द येतात जे एरवी कानावर पडतच नाहीत. मोबाईलवरच्या गोष्टीला हे जमत नाही, व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

एक मात्र बघा, नावाने हाक मारल्यावर ती वळते का आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवते का. तसं होत नसेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, कान पण तपासून घ्या.

अनुची_आई:
हो हो, वळते आणि बोट तर दिवसभर दाखवत असते 😊 सासूबाईंना मात्र कसं पटवू? दिवसभर ती त्यांच्याकडेच असते.

बालवाडीताई:
पटवायचं कशाला, त्यांनाच द्या पुस्तक! छापलेलं वाचलंच पाहिजे असं थोडंच आहे, चित्र बघून त्यांच्या मनाने गोष्ट सांगू देत. आजीला येणारे शब्द तुम्हाआम्हाला येत पण नाहीत, उखळ, जातं, शिंकाळं. दुपारी झोपवायच्या आधी नातीला मांडीवर घेऊन बसल्या की झालं.