भिंतीच्या छपाईत (प्लास्टरात) वीज केंद्राची राखड किती टाकावी?

भाऊ, भद्रावतीजवळ गाव आहे माझं. बैलांच्या कोठ्याची छपाई काढली. मिस्त्री म्हणते, चार घमेल्यांत एक घमेलं सिमेंट कमी करू, राखड टाकू, पैसे वाचते. ट्रॉलीभर राखड अंगणात पडली आहे. ओली आहे, मुठीत खरखर लागते. टाकू का?

— पहिले पोत्यावर काय छापलं ते वाचा. पीपीसी म्हणजे राखडवालं सिमेंट असन तर त्यात कारखान्यातच १५ ते ३५ टक्के राखड असते. वरून आणखी काऊन?

— काका, ओली खरखरीत म्हणजे वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यातली. वीज केंद्रात धुरातून पकडलेली कोरडी, पिठासारखी राखड सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून घट्ट होते. तळ्यातलीचा तसा भरवसा नाही. मी न्हाणीघराले तीच लावली, दुसऱ्या पावसाळ्यात नखानं पोपडे निघाले.

— अन् पीपीसी हळू पकडते. आपल्या उन्हात १४ दिवस पाणी मारा, बारदाना ओला ठेवा. आमची बोअर पाचव्याच दिवशी आटली, राजेहो!

— पोतं पाहिलं, पीपीसीच हाये. मिस्त्री रुसला. राखड मी वाटेतल्या खड्ड्यात दाबतो.