वरच्या मजल्यावरील बाथरूम: टाइल्स बसवण्यापूर्वी जलरोधक काम कसे करून घ्यावे?

विचारणा (लातूर)

नमस्कार. आमच्या पंचवीस वर्षे जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर 5 बाय 7 फुटांचे बाथरूम असून त्याच्या बरोबर खाली स्वयंपाकघर आहे. गेली दोन वर्षे खालच्या छताला लोणा फुटून पोपडे निघत होते, म्हणून जुनी शहाबादी फरशी आणि तिच्याखालचा भराव काढून टाकला. आता स्लॅब उघडा झाला आहे. मिस्त्रींचे म्हणणे असे, की सिमेंटमध्ये वॉटरप्रूफ पावडर मिसळून कोबा केला आणि त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या की पुरे. एवढ्यावर विसंबावे का? घरातील मंडळींना दिवाळीपूर्वी काम आटोपायचे आहे.

उत्तर (परभणी)

नमस्कार. मी गेली अठरा वर्षे बांधकामावर देखरेख करतो. पावडर मिसळण्यात गैर काही नाही, परंतु तिच्यामुळे कोब्याचे पाणी शोषणे कमी होते, इतकेच. कोब्याला पुढे तडा गेला तर पावडर तो सांधत नाही. टाइल्सही पाणी अडवत नाहीत, कारण ते सांध्यांमधून खाली उतरतेच. शिवाय माझ्या पाहण्यात गळती फरशीच्या मध्यातून क्वचितच होते. ती होते भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात, दाराच्या उंबऱ्याखाली आणि सर्वांत जास्त नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतले सांडपाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवती.

म्हणून आधी तिकडे लक्ष द्यावे. ट्रॅपभोवतीचे जुने सिमेंट हाताने खरवडून पाहा; ते पाइपापासून सुटून निघाले, तर तुमच्या स्वयंपाकघरातील ओल बहुधा तिथूनच आली आहे. पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट चिकटत नाही, त्यामुळे पाइप पॉलिशपेपरने खरबरीत करून घ्यावा आणि भोवतालची फट साध्या मसाल्याने न भरता आकुंचन न पावणाऱ्या ग्राऊटने भरावी. कोपऱ्यांत पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याचा, साधारण दोन बोटे रुंदीचा गोलसर वाटा (कोपरा भरून गोल करणारी पट्टी) काढावा, कारण काटकोनात वरून लावायचे जलरोधक कोटिंग पातळ होऊन तुटते. भिंतीतील पाइपांसाठी झिरी पाडायची असेल तर ती आत्ताच पाडून, पाइपांत दाबाने पाणी भरून सांधे तपासून घ्यावेत. कोटिंगनंतर प्लंबरची छिन्नी आत येता कामा नये.

त्यानंतर ढाळाचा थर ट्रॅपच्या दिशेने दर मीटरला 10 ते 15 मिलिमीटर उतार देऊन करावा आणि तो पुरेसा पक्का झाल्यावर त्यावर दोन घटकांचे (द्रव आणि पावडर एकत्र करून लावायचे) ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंग घ्यावे. पृष्ठभाग ओलसर हवा, पण त्यावर पाणी साचलेले नको. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती दोन्ही हातांच्या मध्ये फायबरची जाळी दाबावी. कोटिंग सर्व भिंतींवर किमान एक फूट, शॉवरच्या भिंतीवर सहा फूट चढवावे आणि ट्रॅपच्या तोंडाच्या आत वळवावे. आपल्याकडच्या उन्हात दुपारी हे काम करू नये, कारण हात फिरवण्याआधीच मिश्रण आळते.

उत्तर (नांदेड)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. टाइल्सविषयी एक भर घालतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटची स्लरी तिला धरत नाही. आयएस 15477 या भारतीय मानकानुसार प्रमाणित टाइल ॲडेसिव्ह वापरावे आणि ते दातेरी थापीने सर्वत्र पसरावे. पाच ठिपके देऊन बसवलेल्या टाइलखाली पोकळी राहते आणि तीत पाणी साचते. गुळगुळीत टाइल बाथरूमला घेऊ नये, हेही ओघाने सांगतो. आमच्या वडिलांचे मनगट त्यातच मोडले.

विचारणा (लातूर)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. कोटिंग झाल्यावर पाणी साठवून पाहावे असे ऐकले होते, पण मिस्त्री म्हणतात की पाणी वाया जाईल. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात हा मुद्दा घरच्यांना लगेच पटला.

उत्तर (परभणी)

तुमच्या मापाच्या बाथरूममध्ये दोन इंच पाणी म्हणजे सुमारे 165 लिटर, एका पिंपाएवढे. चाचणीनंतर तेच झाडांना घालता येईल. ही चाचणी टाळू नका. कोटिंग पुरवठादाराने सांगितले तितके दिवस वाळू द्या, ट्रॅपला बूच लावा, उंबऱ्याशी मसाल्याचा तात्पुरता बांध घाला आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलीने खूण करून 48 तास थांबा. उन्हाने थोडे पाणी आटतेच, म्हणून शेजारी तितक्याच खोलीचे पाणी भरलेले एक घमेले ठेवा. घमेल्यातील पाणी जेवढे उतरले त्याहून बाथरूममधले अधिक उतरले असेल, तर खाली स्वयंपाकघरात जाऊन ट्रॅपच्या पाइपाभोवती कोरडा हात फिरवा आणि ओल लागली तर आधी तिथलीच फट पुन्हा भरून घ्या.