अध्यापनाचा अनुभव नसलेल्या उद्योग-व्यवस्थापकांकडे सरकारी शाळांचा कारभार सोपवावा का?

प्रश्न : पालक प्रतिनिधी, सिडको, नाशिक

नमस्कार. माझा मुलगा सरकारी शाळेत पाचवीत शिकतो आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालकांतर्फे काम करतो. सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्या अनुभवी व्यवस्थापकांना ठरावीक मुदतीसाठी सरकारी शाळांचे प्रमुख नेमावे, अशी सूचना आमच्या भागातील काही पालकांनी मांडली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे. स्वच्छतागृहाचे दार दुरुस्त व्हावे म्हणून पत्रामागून पत्र जाते, आणि तोवर मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. तरीही ज्याने कधी वर्गावर शिकवले नाही, त्याच्या हाती शाळांची सूत्रे द्यावीत का, याचा निर्णय मला करता येत नाही. असा प्रयोग जेथे झाला तेथे काय घडले, आणि आपल्याकडे तो करायचा झाल्यास कोणते अधिकार द्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : माध्यमिक शिक्षिका, नाशिक रोड

या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथे २००२ मध्ये शाळांचा कारभार महापौरांच्या थेट अधिकाराखाली आला. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी शाळांचे प्रमुखपद प्रथम जोएल क्लाइन या वकिलांना दिले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या जागी कॅथी ब्लॅक यांचे नाव जाहीर केले. ब्लॅक या हर्स्ट मॅगझिन्स या प्रकाशन कंपनीच्या प्रमुख होत्या. अध्यापनाचा किंवा शाळा चालवण्याचा त्यांना अनुभव नव्हता. कायद्याने या पदासाठी शैक्षणिक पात्रता आवश्यक असल्यामुळे राज्याचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्टाइनर यांची खास सवलत घ्यावी लागली, आणि ती मिळाली ती शाएल पोलाकोव्ह-सुरान्स्की या पूर्वी शिक्षक व मुख्याध्यापक राहिलेल्या अधिकाऱ्याला शैक्षणिक प्रमुख नेमण्याचे ठरल्यावरच. जानेवारी २०११ मध्ये ब्लॅक यांनी सूत्रे घेतली. त्याच महिन्यात वर्गांतील गर्दीची तक्रार घेऊन आलेल्या पालकांसमोर त्यांनी संततिनियमनाचा उल्लेख करून विनोद केला, त्यावर मोठी टीका झाली, आणि एप्रिलमध्ये त्यांना पद सोडावे लागले. सुमारे ११ लाख मुलांच्या शाळांचा कारभार तीन महिन्यांत दुसऱ्यांदा नव्या हाती गेला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिॲटलमध्ये १९९५ साली निवृत्त मेजर जनरल जॉन स्टॅनफर्ड यांना शाळांचे प्रमुख नेमले होते, आणि १९९८ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले तेव्हा शहराने मनापासून शोक केला. बाहेरचा माणूस अपयशीच ठरतो, असा नियम त्यामुळे करता येत नाही. माझ्या मते न्यूयॉर्कमधील खरी चूक अशी की, शिक्षण जाणणाऱ्या माणसाला दुय्यम पद दिले आणि न जाणणाऱ्याचा शब्द अंतिम ठेवला.

उत्तर २ : निवृत्त केंद्रप्रमुख (जवळपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारे अधिकारी), सुरगाणा तालुका

शिक्षिका ताईंच्या शेवटच्या वाक्याला वर्गातला आधार देतो. पहिली-दुसरीच्या वर्गात तपासणीला गेल्यावर मूल पुस्तक हातात घेऊन आख्खा धडा खडखडीत म्हणून दाखवते. ज्याने शिकवले आहे तो पान तसेच ठेवून मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवतो. मूल तेथे अडले, तर धडा पाठ आहे, वाचन अजून आलेले नाही, हे क्षणात कळते. मग कोणती अक्षरे पक्की नाहीत, जोडाक्षरापाशी अडते आहे की घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला तो शब्दच अनोळखी आहे, हे शिक्षकाशी बसून पाहावे लागते. हे ज्याला माहीत नाही तो शेरेबुकात ‘वाचन समाधानकारक’ असे प्रामाणिकपणे लिहील आणि पुढच्या शाळेकडे निघेल.

हजेरीचेही तसेच आहे. दिवाळीनंतर सुरगाणा, पेठ भागातील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे उतरतात आणि पट भरलेला असूनही वर्ग रिकामा दिसतो. केवळ आकडे पाहणारा माणूस शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस देईल. जाणकार अधिकारी आधी विचारतो की आजी-आजोबांजवळ किती मुले थांबू शकतील, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला का, आणि मुले ज्या गावी गेली तेथील शाळेत त्यांना बसवून घेतले का. दर विद्यार्थ्यामागील खर्चाचा हिशेब मांडला, तर पाड्यावरची बारा-पंधरा मुलांची शाळा पहिल्याच बैठकीत बंद करण्याच्या यादीत जाईल. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा नियम पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी आहे. ही मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून मी इतके आग्रहाने लिहितो आहे.

उत्तर ३ : उत्पादन व्यवस्थापक, अंबड

केंद्रप्रमुख सरांचा मुद्दा मला पूर्ण पटला. तरीही एक विचारावेसे वाटते. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा महापालिकेचे आयुक्त हे तरी कुठे शिक्षक असतात? सर्वोच्च पदावर अध्यापनाचा अनुभव नसणे आपल्या व्यवस्थेने केव्हाच स्वीकारले आहे. उलट, उत्तम शिक्षक सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक होतो तेव्हा निविदा, देयके, सादिल म्हणजे किरकोळ खर्चाचा हिशेब, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे हे सारे एकदम त्याच्या अंगावर पडते आणि त्याचे वर्गात जाणे सुटते. पाण्याची टाकी, वीज, दुरुस्ती, खरेदी ही कामे आमच्यासारख्यांनी चोख करून द्यावीत. एखाद्या केंद्रातील सर्व शाळांसाठी असा एक माणूस मिळाला, तरी मुख्याध्यापकांचे कितीतरी तास मोकळे होतील. त्याने वर्गातील अध्यापनावर मत देऊ नये, ही अट मला मान्य आहे.

पालक प्रतिनिधी, सिडको

सर्वांचे आभार. आता एवढेच विचारतो की, ही विभागणी कागदावर कोठे आणि कशी आणावी?

निवृत्त केंद्रप्रमुख, सुरगाणा तालुका

दादा, व्यवस्थापक साहेबांचा प्रस्ताव चांगला आहे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या खाली शिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख ही शिक्षण पाहणारी साखळी असते. नव्या माणसाला त्या साखळीच्या वर बसवू नये, एवढे सांभाळावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तुमची समितीच तयार करते. त्यात दुरुस्ती, पाणी, खरेदी आणि हिशेब ही कामे स्वतंत्र लिहा, त्यांसाठी स्वयंसेवी व्यवस्थापकाची मदत मागा आणि त्याने मुख्याध्यापिकांना उत्तरदायी राहावे, असे स्पष्ट नोंदवा. वेळापत्रक, मूल्यमापन, शिक्षकांच्या वर्गवाटण्या आणि शाळेचे समायोजन (म्हणजे ती दुसऱ्या शाळेत मिळवणे) यांबाबत त्याला अधिकार नसेल, हेही त्याच ठरावात घाला. समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे ठराव मंजूर करून घेणे तुमच्या हातात आहे. स्वच्छतागृहाचे दार मात्र आराखड्याची वाट न पाहता शाळेच्या अनुदानातून याच महिन्यात बसवून घ्या.