मदत हवी आहे: ऑटोमन राज्यातले ज्यू-ख्रिश्चन काझीकडे का जात?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात ऑटोमन साम्राज्यातल्या ‘मिल्लत’ व्यवस्थेवर, म्हणजे प्रत्येक धर्मसमाजाला आपले अंतर्गत व्यवहार सांभाळू देण्याच्या पद्धतीवर, बोलायचं आहे आणि एका प्रश्नापाशी गाडी अडली आहे.

ढोबळ चौकट माहीत आहे. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमदने पुढच्याच वर्षी गेनाडिओस यांना ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख नेमलं. लग्न, वारसा, धर्मकार्य ज्याच्या त्याच्या समाजाकडे, बिगरमुस्लिमांवर जिझिया. १४९२ नंतर स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू सॅलोनिकात (आजच्या ग्रीसमधलं थेसालोनिकी) वसले आणि पुढे त्यांच्याकडून करापोटी जानिसारी सैनिकांच्या, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाच्या, गणवेशाचं लोकरी कापड घेतलं जाई. हा तपशील मला फार बोलका वाटतो. दरबाराला सगळी माणसं एकाच साच्यातली नको होती, कापड वेळेवर हवं होतं.

मग कोडं असं, की स्वतःची न्यायालयं असूनही अनेक ज्यू आणि ख्रिश्चन, त्यातही बायका, वारसाहक्कासाठी काझीकडे जात. शरियतमध्ये मुलीला वाटा ठरलेला, भावाच्या निम्मा का होईना, हे कारण पटतं. पण काझीच्या निकालामागे सरकारी बळ उभं असे, हे त्याहून मोठं कारण होतं का? आणि असं ‘बाहेर’ जाणाऱ्यांना समाजातले पुढारी वाळीत टाकत का?

काझी न्यायालयांच्या नोंदींवर कुणी वाचलं असेल तर कृपया सांगा. १८३९ च्या गुल्हाने फर्मानाआधीचा (सुलतानाच्या सुधारणांच्या जाहीरनाम्याआधीचा) काळ हवा आहे. मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं, इंग्रजीही चालेल.