इंग्रजीतून जपानी व्याकरण शिकतेय, पण वाक्यं जुळत नाहीत

उलटीपानं:
माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, मराठी फक्त बोलण्यापुरती. जपानी शिकायला घेतली तीही इंग्रजी पुस्तकांवरून. हिरागाना, काताकाना या दोन्ही अक्षरमाला पक्क्या आहेत, थोड्या कांजी (चिनी चित्राक्षरं) येतात, जपानीच्या परीक्षेतल्या सगळ्यात सोप्या पातळीचे, म्हणजे एन५ चे शब्द बऱ्यापैकी पाठ आहेत. आता त्यापुढच्या एन४ चं व्याकरण चालू आहे आणि इथे गाडी रुतलीये.

शब्द अडत नाहीत, रचना अडते. पुस्तकात प्रत्येक नमुन्यासमोर इंग्रजी अर्थ छापलेला असतो. क्रियापदाला लागणारं 'तेइरू' म्हणजे चालू क्रिया, असं वाचून मी खूश होते आणि पान उलटलं की अपवाद सुरू. 'केक्कोन शितेइरू' म्हणजे लग्न चालू नाही, विवाहित. 'शिन्देइरू' म्हणजे मरणासन्न नाही, मृत. 'इत्तेइरू' म्हणजे वाटेत नाही, तिथे पोचलेला. इतके अपवाद असतील तर नियम कसला?

दुसरं, लांब वाक्य आलं की मला ते मागून पुढे वाचावं लागतं. इंग्रजीत पुस्तक आधी येतं, ते कुणी घेतलं, कधी घेतलं हे नंतर. जपानीत सगळं आधीच सांगून होतं आणि पुस्तक शेवटी उगवतं.

तिसरं अर्थातच नामामागे लागणारे 'वा' आणि 'गा'. एक विषय दाखवतो, एक कर्ता दाखवतो, हे वाचून झालंय. मग 'वाताशी वा नेको गा सुकी' मध्ये मांजराला 'गा' कसा? आवडणं तर माझं चाललंय ना?

नमुने नुसते घोकत राहायचे, की हे कुठेतरी एकदाचं जुळतं?

घोकंपट्टी:
घोका. कारणं शोधायला गेलात की आयुष्यभर कारणंच शोधाल. 'ते' रूप, म्हणजे पुढे काही जोडायला क्रियापदाचं होणारं रूप, तर दुसऱ्या कुठल्याच मार्गाने येत नाही. क्रियापदाचं शेवटचं अक्षर बघायचं: उ, त्सु, रु ला 'त्ते', मु, बु, नु ला 'न्दे', कु ला 'इते', गु ला 'इदे', सु ला 'शिते'. 'ताबेरू'च्या गटात नुसता रु काढून 'ते' लावायचा. 'इकू' चं 'इत्ते' होतं, 'कु'वाल्यांत तो एकटाच हट्टी आहे. हे जिभेवर बसलं की पुढचे निम्मे नमुने आयतेच पदरात पडतात.

यंत्रपुस्तिका:
वरचं 'ते' रूपापुरतं मान्य. बाकीच्या बाबतीत नाही.

मी जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करते. अमुक दाबलं की तमुक होतं, तमुक झाल्यावर अमुक सोडा, असा सगळा रुक्ष मामला. पण व्याकरण शिकायला याच्याइतका चांगला मजकूर नाही, कारण त्यात भावना नसतात.

मराठी बोलण्यापुरतीच येते म्हणता ना? तेवढी पुरे. खरं तर तीच हवी. पुस्तकात छापलेला इंग्रजी अर्थ खोडा आणि त्याजागी तुम्ही घरात जे बोलाल ते लिहा. शाळेतलं 'गेलेला आहे' नको, 'गेलाय' लिहा.

तेइरू घ्या. रस्त्यावर पाकीट दिसलं तर तुम्ही काय म्हणाल? 'पाकीट पडलंय.' 'पडतंय' नाही म्हणणार. जपानी म्हणतो 'साइफू गा ओचितेइरू'. इंग्रजीतल्या चालू काळाने हे वाक्य वाचलं तर पाकीट हवेतच लोंबकळत राहतं. आता तुमचे अपवाद त्याच कानाने ऐका. केक्कोन शितेइरू: लग्न झालंय. शिन्देइरू: मेलाय. तोक्यो नी इत्तेइरू: तोक्योला गेलाय. सुवात्तेइरू: बसलाय. मेगाने ओ काकेतेइरू: चष्मा लावलाय. मादो गा आइतेइरू: खिडकी उघडलीये. यातला एकही अपवाद नाही. ज्या क्रियेने अवस्था बदलते तिथे तेइरू म्हणजे आपलं 'लाय', आणि जी क्रिया नुसती चालू राहते तिथे 'तोय': ताबेतेइरू, जेवतोय, योन्देइरू, वाचतोय. इंग्रजी पुस्तकं दुसऱ्या प्रकाराला नियम करून टाकतात आणि पहिल्याला अपवादांच्या कोठडीत ढकलतात, कारण इंग्रजीत बसलेल्या माणसालाही चालू काळच लावतात.

नकारातही तेच. 'मादा ताबेतेइनाई' म्हणजे 'अजून जेवलो नाहीये'. इथे भूतकाळ वापरायचा मोह होतो, पण 'मादा' आलं की तेइनाई.

(दोन ठिकाणी मराठी साथ देत नाही. 'सुन्देइरू' ला आपण साधं 'राहतो' म्हणतो. 'शित्तेइरू' म्हणजे माहीत आहे, पण त्याचा नकार 'शिरानाई', शित्तेइनाई नाही. ही दोन घोका, म्हणजे वरचे सदस्यही खूश.)

आता मांजर. तुम्ही मराठीत 'मी मांजर आवडते' म्हणता का? म्हणाल तर अर्थाचा अनर्थ होईल. 'मला मांजर आवडतं' म्हणता आणि क्रियापद मांजराच्या मागे जातं. मांजरी असतील तर 'आवडतात'. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यातलं मानाचं आसन मांजरालाच मिळालंय. जपानीतही तेच, फक्त आसनाला 'गा' म्हणतात. हे एकट्या सुकीचं नाही, अख्खं कुटुंब असंच आहे. वाकारू: मला कळतं. मिएरू: मला दिसतं. किकोएरू: मला ऐकू येतं. होशी: मला हवंय. देकिरू: मला जमतं. इरू: मला लागतं. मराठीत यातल्या प्रत्येक ठिकाणी 'मला' येतं, 'मी' नाही. 'वाताशी नी वा यामा गा मिएरू' असंही म्हणतात, मला डोंगर दिसतो. त्यातला 'नी' बघा, आपल्या 'ला'च्या जागी येऊन बसलाय. इंग्रजीत मात्र या सगळ्यांचा कर्ता 'मी'च.

लांब वाक्यांचं म्हणाल तर तुम्ही ती रोज बोलताच. 'मी काल घेतलेलं पुस्तक' हे सरळ डावीकडून उजवीकडे जपानी करा: वाताशी गा किनो कात्ता होन. शब्दांचा क्रम तसूभरही हलत नाही. येणारा माणूस, कुरू हितो. आलेला माणूस, किता हितो. फक्त 'जे पुस्तक मी घेतलं ते' ही दुसरी वाट घेऊ नका, जपानीत जो-तो नाही. आणि नामाच्या आधी क्रियापदाला सभ्य 'मासू' लावायचं नाही, तिथे साधं रूप. बहुतेक पुस्तकं सभ्यपणा म्हणून मासू आधी शिकवतात. माझ्या मते उलट करायला हवं, कारण वाक्याच्या पोटात मासू फारसं लागतच नाही. 'येतो म्हणाला' हेसुद्धा 'कुरू तो इत्ता'. येणं भूतकाळात ढकलायची इंग्रजी कसरत इथे नाही.

'ते' नंतर जोडून येणारी क्रियापदंही ओळखीची आहेत. ताबेते मिरू, खाऊन बघणं. काइते ओकू, लिहून ठेवणं. वासुरेते शिमाउ, विसरून जाणं. मोत्ते कुरू, घेऊन येणं. 'मिरू' म्हणजे सुट्टं असतानाही बघणंच आणि 'ओकू' म्हणजे ठेवणंच. इतक्या दूरच्या दोन भाषांनी खाण्यानंतर 'बघायचं' ठरवावं याची मला अजून गंमत वाटते.

मला सगळ्यात प्रिय मात्र जोड्या. इंग्रजीत काच फुटली तरी आणि फोडली तरी क्रियापद तेच, म्हणून तिथल्या पुस्तकांत मोठा तक्ता येतो आणि तो बघून लोकांना धडकी भरते. आपल्याकडे फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं, जळणं-जाळणं लहान मुलाला येतं. वारेरू-वारू, ओचिरू-ओतोसू, मोएरू-मोयासू. आणि माझी रोजीरोटी: त्सुकू-त्सुकेरू, लागणं-लावणं. देन्की गा त्सुकू, दिवा लागतो. देन्की ओ त्सुकेरू, दिवा लावतो. देन्की गा त्सुइतेइरू, दिवा लागलाय.

त्यावरून दोन वाक्यं जोडणारे 'तो' आणि 'तारा'. 'बोतान ओ ओसू तो, रान्पू गा त्सुकू': बटण दाबलं की दिवा लागतो. 'रान्पू गा त्सुइतारा, बोतान ओ हानाशिते कुदासाई': दिवा लागल्यावर बटण सोडा. या 'तो' नंतर आज्ञा किंवा विनंती चालत नाही, तिथे 'तारा' लागतं. मराठीची 'की' इथे ढिली आहे, 'दिवा लागला की बटण सोड' आपल्याला चालतं. तेवढं जपा.

शंकासुर:
ताईंचं पटतं, पण नवशिक्यांना सावध करायला हवं. मराठी जिथे फसवते तिथे बेमालूम फसवते, कारण संशयच येत नाही.

मुख्य चोर 'ला'. मित्राला भेटतो: तोमोदाची नी आउ. सरांना विचारतो: सेन्सेई नी किकू. इथवर मराठीने वाचवलं, इंग्रजीवाले इथे कर्माचा 'ओ' लावून बसतात. पण डॉक्टरला बोलावतो? इशा ओ योबू. कुत्र्याला बघतो? इनू ओ मिरू. मराठीत सजीव कर्माला 'ला' लागतो, तो 'नी' नव्हे. माझी युक्ती अशी की त्या जागी निर्जीव वस्तू ठेवून बघायची. 'कुत्र्याला बघतो', पण 'चित्र बघतो': 'ला' गळला, म्हणजे 'ओ'.

'घरी' पण तसंच. घरी असतो, इए नी इरू. घरी जेवतो, इए दे ताबेरू. नुसतं असणं 'नी', काही करणं 'दे'. आपल्याला दोन्हीकडे 'घरी'च.

'वा' आणि 'गा' बद्दल ताईंनी मांजरावर भागवलं. माझे दोन आधार 'च' आणि 'मात्र'. 'वाताशी वा तानाका देसू', मी तानाका. 'वाताशी गा तानाका देसू', तानाका मीच, म्हणजे तानाका कोण असं आधी कुणी विचारलंय. 'साकाना वा ताबेरू गा, निकू वा ताबेनाई', मासे खातो, मांस मात्र नाही (यातला 'गा' वेगळा, म्हणजे 'पण'). 'दारे' आणि 'नानी' या प्रश्नशब्दांना 'वा' लागत नाही. प्रत्येक 'गा' म्हणजे 'च' असं मात्र समजू नका, मांजराचा 'गा' बिचारा साधाच आहे.

परीक्षा देणार असाल तर चांदणीचा प्रश्न वेळ लावून सोडवा. वाक्यात चार रिकाम्या जागा, चार तुकडे, आणि चांदणीच्या जागी कोणता तुकडा येईल ते निवडायचं. तुम्ही म्हणताय ती अडचण तिथे उघडी पडते. जुन्या प्रश्नपत्रिका हाती आल्या तर साल बघा. २०१० च्या आधी पाच नाही, चारच पातळ्या होत्या. तेव्हाची तिसरी म्हणजे साधारण आताची एन४.

उलटीपानं:
पाकीट पडलंय! तेइरूचं पान पुन्हा काढलं आणि सगळ्या इंग्रजी अर्थांवर रेघा मारल्या. 'ओबोएतेइरू' पण बसलं, लक्षात राहिलंय.

ताई, एक वाक्य तपासाल? 'काल मैत्रिणीने दिलेलं पुस्तक अजून वाचलं नाहीये.' परत करायचं पुस्तक आहे, म्हणून 'कासू' (उसनं देणं) घेतलं. 'किनो तोमोदाची वा काशिमाशिता होन ओ मादा योमिमासेन देशिता.'

यंत्रपुस्तिका:
क्रम अचूक आहे, म्हणजे मागून पुढे वाचायचा रोग बरा होतोय. बाकी दुरुस्त्या.

'वा' चा 'गा' करा. मैत्रीण इथे पुस्तकाला चिकटलेल्या तुकड्याच्या आत आहे आणि 'वा' ठेवलंत तर ती अख्ख्या वाक्याची मालकीण होते. मग पुस्तक न वाचणारीही तीच ठरेल. 'काशिमाशिता' नामाच्या आधी आहे, म्हणून साधं रूप. पण नुसतं 'काशिता'ही नको, 'काशिते कुरेता' हवं. मराठीत 'मला' गाळलं तरी समजून घेतात. जपानीत ते काम 'कुरेरू' करतं, ते नसेल तर पुस्तक तिने दुसऱ्याच कुणाला दिलं असं वाटतं. आणि 'मादा' आलंय, म्हणून शेवट 'योन्देइमासेन'. मासू ठेवायचं तर ते इथे, टोकाला.

किनो तोमोदाची गा काशिते कुरेता होन ओ मादा योन्देइमासेन.

आता हेच 'मैत्रिणीकडून मागून घेतलेलं पुस्तक' असं करा, 'मोराउ' (दुसऱ्याकडून घेणं) वापरून. त्यात 'गा' जाऊन 'नी' येईल. का, ते तुम्ही सांगा. शंकासुर, तुम्ही गप्प बसा.