प्रतिसाद: रिसीव्हर परत करण्याआधी

संवाद दबके येतात म्हणून होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर) परत करायचं म्हणताय, पण जरा थांबा. इंदूरला रामबागेत आमच्याकडे असाच स्वस्तातला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसीव्हर आहे आणि नाटकातलं पुटपुटणंसुद्धा स्वच्छ कळतं. संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात; तो कपाटात आत ढकललेला असेल तर अगदी कडेला आणा, तोंड किंचित वर करा. मग रिसीव्हरच्या मेनूत सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा खर्ज सबवूफर सांभाळेल. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका, तो बहुतेकदा सगळे स्पीकर नाही, एक-दोन चॅनल चालवूनच मोजलेला असतो. आणि रिसीव्हरवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका हो, मे महिन्यात रिसीव्हर तसाही चांगलाच तापतो.