सोसायटीतील चार्जरना रात्री 12 ची अट घालावी का?

धागाकर्ता, घोडबंदर रोड, ठाणे
प्रत्येक सभासदाला पार्किंगमध्ये 7.4 किलोवॉटचा चार्जर बसवू द्यावा, असा ठराव आमच्या सोसायटीच्या पुढील सभेत येणार आहे आणि त्याच्या आजच्या स्वरूपाला माझा विरोध आहे. विजेवरच्या गाड्या वाढाव्यात असेच मला वाटते. वीजनिर्मिती कमी पडेल, ही भीतीही मला पटत नाही. रोज 40 किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साधारण 6 युनिट लागतात. अशा 1 लाख मोटारींचा भार चोवीस तासांत सारखा विभागला, तर तो सरासरी 25 मेगावॉट भरतो. त्याच मोटारी एकाच वेळी चार्जिंगला लागल्या, तर मात्र मागणी 740 मेगावॉटवर जाते. आमचा ट्रान्सफॉर्मर 630 केव्हीएचा, म्हणजे फार तर 630 किलोवॉट भार पेलणारा आहे. मे महिन्यात रात्री घरोघरी एसी सुरू असताना 60 मोटारी लागल्या, तर त्याच्यावर आणखी 444 किलोवॉट येतील. म्हणून चार्जर 3.3 किलोवॉटचेच असावेत आणि ते रात्री 12 नंतरच सुरू व्हावेत.

प्रतिसाद, नेरूळ
आकडेमोड बरोबर आहे, गृहीतक मात्र चुकीचे आहे. 6 युनिट भरायला या चार्जरला तासही लागत नाही, आणि माणसे घरी परततात ती सात ते अकरापर्यंत, आपापल्या वेळेने. दोनशे घरांतील 2 किलोवॉटचे गीझर एकदम लावले, तर 400 किलोवॉट होतात. त्यासाठी कोणत्या सोसायटीने कधी ठराव केला? शिवाय वीज ग्राहक हक्क नियमांतील 2024 च्या दुरुस्तीनुसार रहिवाशाला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. त्या हक्काला सभेने वेळेचे कुंपण घालावे, हे मला अन्यायाचे वाटते.

धागाकर्ता
गीझर सकाळी थोडा वेळ चालतो आणि तोही मुख्यतः थंडीत. मोटारीचा भार उन्हाळ्यात एसीच्या भारावर चढतो, आणि ट्रान्सफॉर्मरला निवायला मिळणारे रात्रीचे तास कमी होतात. आतील तापमान मर्यादेपलीकडे दर 6 अंशांनी वाढले की त्याच्या इन्सुलेशनचे (आतील वीजरोधक आवरणाचे) आयुष्य जवळपास निम्म्याने घटते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, आणि बिघाड झालाच तर गाडी नसलेली घरेही अंधारात बसतात.

प्रतिसाद, ऐरोली
दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट सुटली आहे. 12 ची अट घातली, तर सगळे टायमर 12 च्या ठोक्यालाच सुरू होतील आणि आज विखुरलेला भार तुम्ही स्वतःच एका क्षणी गोळा कराल. त्यातही मध्यरात्री सौर वीज नसते. केंद्राच्या 2023 च्या नियमांत सौर तासांचा, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या वेळेचा, दर किमान 20 टक्के कमी ठेवण्याची तरतूद आहे ती याचसाठी. आमच्या ऐरोली-महापे पट्ट्यातील कार्यालयांनी दिवसा चार्जिंगची सोय केली, तर सोसायटीतील बराचसा ताण उरणारच नाही.

धागाकर्ता
12 च्या ठोक्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. ती अट मी मागे घेतो. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मरवर त्या क्षणी जेवढी क्षमता शिल्लक असेल, तेवढीच सर्व गाड्यांत वाटून देणारी भारनियंत्रण यंत्रणा बसवावी, अशी दुरुस्ती मी सुचवीन. दिवसाच्या चार्जिंगचा उपाय मला आवडला, पण मोटार घरी ठेवून ठाण्याहून लोकलने जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

प्रतिसाद, नेरूळ
वेळेचे बंधन नसेल, तर अशा यंत्रणेला माझा विरोध नाही. तिचा खर्च मात्र चार्जर घेणाऱ्यांवरच पडणार असेल, तर एसी वाढवून तोच ट्रान्सफॉर्मर तापवणाऱ्या घरांनी काहीच का भरू नये, याचे उत्तर ठरावाच्या मसुद्यात असायला हवे.